उडत्या साहेबाची उडी

मी आयुष्यात जेवढे सिनेमे पाहिले त्यातले बहुतेक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पाहिले. असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या वयाकडे बघतो आणि विषय बदलतो. म्हणून आधी धंदा समजावून सांगतो, साहेबाकडे मागाहून वळू.

सिनेमा मुंबईत तयार होतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण तिथून निघालेला सिनेमा मूर्तिजापूरच्या किंवा कारंज्याच्या पडद्यावर पोचेपर्यंत मध्ये कुठे मुक्काम करतो, हे कुणी विचारत नाही. आमच्या काळी तो मुक्काम अमरावतीत असे. वितरकाची कचेरी म्हणजे पुढे गादी-तक्क्यांची एक खोली, मागे पत्र्याच्या पेट्यांनी भरलेली दुसरी, आणि दोहोंच्या मधे खिडकीजवळ माझं टेबल. गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटा त्या टेबलावर येत. टेबलाच्या दोन टोकांना दोन चाकं, एकाला हाताने फिरवायचा दांडा. या चाकावरची फिल्म त्या चाकावर घ्यायची आणि जाता जाता तिची कड चिमटीतून सोडायची. कुठे कडेचं भोक फाटलं असेल, कुठे जोड उचकटला असेल तर ते बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. फाटका तुकडा कापायचा, दोन्ही टोकं पात्याने खरवडायची, पिकल्या केळ्यासारखा वास येणारं रसायन लावायचं, दाबून धरायचं, मनात दहा अंक म्हणायचे. मग वाकवून बघायचं, ओढून बघायचं. टिकला तर जोड, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. या माणसाला फिल्म चेकर म्हणत. पाच-सहा वर्षांत माझ्या त्या दोन बोटांचे ठसे घासून गेले. एखादी चोरी केली असती तर पचली असती, असं मी मित्रांना गमतीने सांगत असे. पुढे एक चोरी केली, ती मात्र पचली नाही.

मी भातकुलीकडचा. आमच्या घराने छप्पन साली धम्म स्वीकारला, त्यानंतर वर्षभरात मी मॅट्रिक झालो आणि लगेच या कचेरीत लागलो. वस्तीतून टेबल-खुर्चीच्या नोकरीला लागलेला मी पहिला. कामावर जायच्या पहिल्या दिवशी बा नांगराचं काम सोडून फाट्यापर्यंत आला होता. निघताना म्हणाला, "सुखदेव, काम असं कर का कोनाले बोट दाखवाले जागा राह्यली नाई पायजे." तो तेवढंच बोलला, पण पुढे प्रत्येक जोड दाबताना मला ते ऐकू यायचं. बाच्या त्या वाक्याने माझे जोड वऱ्हाडात नावाजले, आणि त्याच वाक्याने मला एकदा खोटंही बोलायला लावलं.

आता साहेब.

साहेबाची प्रिंट मी लागायच्या आधीपासून कचेरीत होती. परदेशातल्या कुठल्याशा वर्तमानपत्रात रोज चार चौकोनांची चित्रकथा येई, तिच्यावरून लढाईच्या दिवसांत बारा भागांचा इंग्रजी सिनेमा काढला होता. त्याचं इंग्रजी नाव पेटीवर होतं, ते कुणी घेत नसे. पोस्टरवर हिंदीत काहीतरी भारदस्त छापलं होतं, तेही कुणी घेत नसे. वऱ्हाडात तो 'उडता सायब'. घट्ट कपडे, डोळ्यांवर पट्टी, खांद्यावरून मागे सोडलेलं कापड. दिवसभर टपाल कचेरीत पत्रांवर शिक्के मारायचे आणि कुणी अडचणीत सापडलं की गच्चीवर जाऊन उडायचं, असा त्याचा दिनक्रम. भाषा कुणाला कळत नव्हती, पण तिच्यावाचून कुणाचं अडलंही नाही. दरवर्षी कापूस बाजारात यायला लागला, गाड्यांनी अकोल्याचे रस्ते भरले, की मोर्णा नदीच्या अलीकडच्या पत्र्याच्या टॉकीजमधून मागणी यायची: नवीन काय ते मागून पाठवा, आधी साहेब पाठवा. तीनच्या खेळाला रोज तीन भाग, असे चार दिवस. कापूस देऊन मोकळी झालेली माणसं चार-चार दिवस गावाकडे परतत नसत. घरी विचारलं तर बाजारात गर्दी होती म्हणून सांगत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

मला साहेब आवडायचा त्याचं कारण वेगळं होतं. चित्रकथेचा सिनेमा झाला खरा, पण माझ्या टेबलावर तो पुन्हा चित्रकथा होऊन पडायचा. खिडकीच्या उजेडासमोर फिल्म धरली की एकाखाली एक चौकटी. या चौकटीत साहेब दाराशी, पुढच्या दहांतही दाराशीच, मग हात जरासा वर. ना आवाज, ना धावपळ. दुपारी कचेरी सुस्तावलेली असायची, शेठजी तक्क्यावर कलंडलेले, बाहेर एखादा टांगा उभा, आणि मी दांडा हळूहळू फिरवत साहेबाला एक-एक पाऊल चालवायचो. कंटाळा आला की त्याला उलटं चालवायचो. पडलेला दुष्ट उठून उभा राहायचा, फुटलेली काच पुन्हा खिडकीत जाऊन बसायची. तेव्हाच्या त्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात आणि स्वप्नातही मी दांडाच फिरवत असतो. इतकं सुख मला पुढे कुठल्याच कामात मिळालं नाही, हे कबूल करतो.

साहेबाच्या अंगरख्याचा रंग कोणता, यावर अख्ख्या वऱ्हाडात वाद होता. सिनेमा काळा-पांढरा, तेव्हा ज्याला जो हवा तो रंग. आमच्या वस्तीत तो निळा, याबद्दल शंकाच नव्हती. अकोल्याच्या जुन्या शहरात काही गल्ल्यांत हिरवा होता, काही गल्ल्यांत भगवा. बडनेऱ्याचा एक रेल्वे गार्ड होता, त्याला विलायती चित्रांची पुस्तकं जमवायचा नाद. एकदा तो साहेबाचं रंगीत पुस्तक घेऊन कचेरीत आला, माझ्याच टेबलावर उघडलं, आणि बघतो तर अंगरखा जांभळा. ताज्या वांग्यासारखा जांभळा! शेठजींनी पुस्तक बंद करून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "भाऊ, हे कोणाले दाखवू नका. धंदा बसन." गार्डने शब्द पाळला असावा, कारण पुढेही साहेब आमच्याकडे निळाच राहिला.

अकोल्याच्या त्या टॉकीजमध्ये मशीन चालवणारे ऑपरेटर म्हणजे करीमभाई. वय पन्नाशीपुढचं, घर नदीपलीकडे जुन्या शहरात. आमची ओळख चिठ्ठ्यांमधून झाली. प्रिंटच्या पेटीत झाकणाला आतून एक पाकीट चिकटवलेलं असे. पेटी निघताना मी त्यात चिठ्ठी ठेवायचो, 'सर्व जोड तपासले', आणि खाली सही. पेटी परत येताना ऑपरेटर त्याच चिठ्ठीवर काय कुठे बिघडलं ते लिहायचा. बहुतेक ऑपरेटर काहीच लिहीत नसत. करीमभाई मोडक्या-तोडक्या अक्षरात सगळं लिहायचे. "भाग चार. पुल के पास तीन भोक फटेले. माफी." त्यांच्या हातून प्रिंट कधी फाटलीच तर ते माफी मागायचे, हे मला फार नवलाचं वाटायचं. एरवी ऑपरेटर लोक आपल्या आवडीच्या चौकटी कापून घेत आणि वर 'प्रिंट चांगली पाठवा' म्हणून लिहीत. मी अशा चोरांना शिव्या देत असे, हेही नोंदवून ठेवतो.

एका वर्षी करीमभाईंनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं: "बाबू, एक बात पूछता. सायब छत से उडता कैसा? इतने साल मशीन के पास खडा हूँ, मेरे कू कब्बी समजा नहीं. तुम फिल्म हात में लेके देखते. देखके बताना."

सातव्या भागात ती उडी होती. साहेब गच्चीच्या कठड्यावर चढतो, हात पसरतो आणि सुटतो. मीही ती इतक्यांदा चिमटीतून सोडली होती, पण जोड तपासताना चित्र बघायचं नसतं, कड बघायची असते. त्या दिवशी दुपारी मी सातव्या भागाचं रीळ काढलं आणि खिडकीशी एक-एक चौकट मोजत बसलो. साहेब कठड्यावर. टाचा उचललेल्या. गुडघे वाकलेले. माणूस, माणूस, माणूस. आणि त्याच्या खालच्या चौकटीत माणूस नव्हताच. चित्र होतं. कुणीतरी शाईने रेखलेलं, तेच कपडे, तेच पसरलेले हात. पुढे आकाशात जाईपर्यंत सगळी चित्रं, आणि मग ढगांजवळ पुन्हा खरा माणूस. माणसाला काही उडता येईना, म्हणून त्यांनी उडण्यापुरतं पुन्हा चित्रकथेतलं चित्र आणून घातलं होतं.

मला फसवल्यासारखं वाटलं नाही. उलट जगात ही जागा फक्त मलाच सापडली आहे, असं वाटलं. वरच्या चौकटीत शेवटचा माणूस, खालच्या चौकटीत पहिलं चित्र. मी कात्री उचलली आणि त्या दोन चौकटी कापून घेतल्या.

करीमभाईंना दाखवायला कापल्या, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्या मला हव्या होत्या.

टोकं खरवडत होतो तेवढ्यात शेठजी पुढच्या खोलीतून उठून आले. अकोल्याची पेटी आजच्या गाडीने जायची, झाली का, म्हणून विचारायला. मी चौकटी खिशात टाकल्या, टोकांना घाईने रसायन लावलं, दाबलं, आणि शेठजी माझ्याकडे बघत उभे असताना रीळ गुंडाळून पेटीत ठेवलं. वाकवून बघितलं नाही. ओढून बघितलं नाही. चिठ्ठीवर लिहिलं, 'सर्व जोड तपासले', आणि सही केली. तितक्या वर्षांत न तपासलेला तो एकच जोड.

ऑपरेटरनेही खेळाआधी रिळं एकदा हातावरून घ्यायची असतात. करीमभाई नेहमी घ्यायचे. पण त्या वर्षी गाडी वाटेत पंक्चर झाली, आणि सातवा-आठवा-नववा भाग घेऊन पेटी टॉकीजवर पोचली तेव्हा तीनचा खेळ तोंडावर आला होता. बाहेर बैलगाड्यांची रांग, आत मुंगी शिरायला जागा नाही. मालक ओरडत होते. करीमभाईंनी पेटी उघडली, माझी चिठ्ठी वाचली आणि रीळ मशीनवर चढवलं.

साहेब कठड्यावर चढला आणि माझा जोड सुटला. जुनी फिल्म बारुदीच्या जातीची. भिंगामागे अडकून क्षणभर जागीच थांबली तरी पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्यालाही जुमानत नाही. मशीनमध्ये पूर्ण रीळ पेटलं असतं तर लाकडी जिना, वरचा पत्रा आणि खालची आठशे-नऊशे माणसं यांचं काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. करीमभाईंनी उजवा हात आत घालून जळती फिल्म मुठीत धरली, दोन्हीकडून तोडली आणि वाळूच्या बादलीत फेकली. तेवढ्यात त्यांची तीन बोटं पार भाजून निघाली. खाली पडद्यावर साहेबाच्या पोटातून तपकिरी फुगा उठला आणि सगळं पांढरं झालं. लोकांना वाटलं साहेबालाच आग लागली. कुणी उठलं नाही, आता तो यातून कसा सुटतो ते बघत सगळे तसेच बसून राहिले.

चार दिवसांनी टॉकीजच्या मालकाच्या खोलीत चौकशी झाली. मालक, तपासणीला आलेले एक सरकारी अधिकारी, आमचे शेठजी, मी, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर हाताला पट्टी बांधलेले करीमभाई. प्रश्न साधा होता. प्रिंट खराब होती, की ऑपरेटरने हलगर्जीपणा केला? प्रिंट खराब ठरली तर भरपाई आमच्या कचेरीने द्यायची, ऑपरेटर दोषी ठरला तर त्याचा परवाना जाणार. शेठजींनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "सुखदेव, जोड तपासले होते ना?"

बा फाट्यावर उभा असलेला मला दिसला. वस्तीतली सगळी घरं दिसली. मी म्हणालो, "हो."

अधिकाऱ्यांनी करीमभाईंना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" करीमभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नहीं साब. रीळ हात पे से लेना था, मैंने नहीं लिया." ते खरंच होतं. त्यांचा परवाना तिथेच काढून घेतला आणि मालकांनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

परतीच्या गाडीने शेठजी एकटे गेले. मी काम आहे असं सांगून मागे राहिलो आणि विचारत-विचारत पूल ओलांडून जुन्या शहरात करीमभाईंच्या घरी गेलो. त्यांची मुलगी दार उघडून आत निघून गेली. करीमभाई खिडकीपाशी बाजेवर बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "बैठ बाबू. मेरे कू मालूम है."

"काय मालूम आहे?"

"तेरा जोड मैं अंधेरे में उंगली से पहचानता. इतने साल में एक बी खुला नहीं. वाळू में से मैंने टोक निकालके देखा. खरवडा आधा, मसाला आधा. तू किसी घाई में था."

"मंग तिथं बोलले काहून नाही?"

"तेरी नोकरी अब्बी पूरी बाकी है. तेरे लोगों में पहिली है, तूनेच चिठ्ठी में लिखा था एक बार. मेरी तो हो गई."

मी रडलो, हे लिहायला लाजत नाही. खिशातून त्या दोन चौकटी काढल्या आणि त्यांच्या डाव्या हातात ठेवल्या. त्यांनी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या. वरची बघितली, खालची बघितली. पुन्हा वरची. मला वाटलं चिडतील, किंवा हसतील. ते हळूच म्हणाले, "मेरी मशीन में उडता था रे. तेरे हात में आके कागज हो गया."

त्यानंतर पुष्कळ लोकांनी मला पुष्कळ काही सुनावलं. एवढं लागलेलं दुसरं काही आठवत नाही.

मी थेट भातकुलीला गेलो आणि बाला सगळं सांगितलं. तो कडबा रचत होता, थांबला नाही. मी म्हटलं, "खरं सांगतलं तं नोकरी जाते बा. लोक म्हनतीन, याले टेबल देल्लं, यानं चोरी केली. साऱ्या वस्तीवर येईन." बा पेंढी टाकून माझ्याकडे वळला. "लोक बोट दाखवतीन म्हनून भेऊन राह्यला तू," तो म्हणाला. "अन् त्या मानसाची बोटं जळली, त्याचं काय बे? जाय. येताना खाली मान घालून येऊ नको."

सकाळी मी एक चिठ्ठी लिहिली. 'भाग सात. दोन चौकटी मी कापल्या. जोड मी तपासला नाही. ऑपरेटरची चूक नाही.' खाली नेहमीची सही. शेठजींनी ती वाचली, घडी केली आणि मांडीखाली सरकवली. "बरं झालं माझ्याकडे आणली," ते म्हणाले. "आता विसरून जा. हात चांगला आहे तुझा." माणूस वाईट नव्हता, त्याला त्याची पेढी सांभाळायची होती. मी म्हटलं, "शेठजी, अशीच दुसरी लिहिली आहे. ती घेऊन अकोल्याला चाललो." त्यांनी मला थांबवलं नाही. फक्त म्हणाले, "मग परत इथे येऊ नको." जाण्याआधी मी त्यांची परवानगी घेऊन एक शेवटचं काम केलं. साहेबाचा सातवा भाग नीट केला. जळलेलं सगळं काढल्यावर उडी उरलीच नाही. कठड्यावरचा साहेब आणि ढगांजवळचा साहेब, एवढीच दोन टोकं हातात राहिली. ती मी एकमेकांना जोडली, वाकवून बघितली, ओढून बघितली.

अकोल्याला माझी चिठ्ठी वाचल्यावर टॉकीजचे मालक मला मारायला उठले होते, पण शेवटी त्यांनी ती चिठ्ठी पुढे पाठवली आणि दोन महिन्यांनी करीमभाईंना परवाना परत मिळाला. तो घेऊन ते टॉकीजवर आले त्या दिवशी मीही गेलो होतो, पण त्याचा उपयोग काय, हा प्रश्न होता. उजव्या हाताची तीन बोटं आखडून गेली होती, मशीनमध्ये फिल्म ओवायला ती चालेनात. तेव्हा करीमभाईंनीच मालकांना सांगितलं, "वो चेकर छोकरा खाली बैठा है. उसको मेरे नीचे रखो. उंगली उसकी, अकल मेरी." अशा रीतीने मी ऑपरेटर झालो. पुढची तीस वर्षं मी त्याच कामात काढली. बाकीचे अनुभव सांगायचे तर जागा पुरणार नाही. जुन्या प्रिंटा कुऱ्हाडीने तोडून बांगड्या करणाऱ्यांना विकत, ते मी पाहिलं आहे. पुढे वऱ्हाडातल्या कितीतरी बायकांच्या मनगटांवर कितीतरी नायिका किणकिणल्या असतील. पण ते असो.

पुढच्या हंगामात साहेब पुन्हा आला. तो त्याचा शेवटचा फेरा होता, कचेरीकडच्या हक्कांची मुदत संपत आली होती. तिसऱ्या दिवशी सातवा भाग. मी फिल्म ओवली, करीमभाईंनी वाकून बघितली आणि मान हलवली. मला धाकधूक होती. वर्षभर वाट बघून आलेली माणसं, बार्शीटाकळी-पातूरहून गाड्या जुंपून आलेली, आणि नेमकी उडीच नाही. खुर्च्या तोडतील, निदान शिव्या तरी घालतील. आणि त्या शिव्या माझ्याच.

"पडदा मत देख," करीमभाई म्हणाले. "लोग देख."

मी छोट्या खिडकीतून खाली वाकून बघितलं. अंधारात नुसते फेटे, टोप्या आणि डोकी, त्यांवर पडद्याचा उजेड हलतोय. साहेब कठड्यावर चढला. मग एकदम ढग. माझा जोड आवाज न करता निघून गेला. आणि खाली सगळी डोकी एकाच वेळी वर झाली, कठड्यावरून आभाळाकडे, हळूहळू, जेवढा वेळ ती उडी पूर्वी चालायची तेवढा वेळ. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "उडाला रे, उडाला!" आणि टाळ्यांनी पत्रा हादरला.

खेळ सुटल्यावर मी खाली धावलो. पानाच्या ठेल्यावर एक म्हातारा शेतकरी सोबत्याला तेच सांगत होता. मी विचारलं, "बाबा, उडी दिसली तुमाले?"

"दिसली नाई तं काय! आंधळा हाओ का मी?" त्याने तिथेच ठेल्यासमोर करून दाखवलं. "पयले टाचा उचलल्या. मंग गुडघे वाकवले. मंग खाली पाह्यलं त्यानं. जरासाक भेला. अन् मंग सुटला पाहा!"

टाचा होत्या. गुडघे होते. पण खाली बघून भ्यालेला साहेब कुठल्याही चौकटीत नव्हता, ते मी शपथेवर सांगतो. एकेक चौकट मी उजेडात धरून मोजलेली होती.

मी वर जाऊन करीमभाईंना म्हाताऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ते डाव्या हाताने मशीन पुसत होते. हात थांबला.

"डरा, बोला?"

"हो. खाली पाह्यलं अन् जरासा भेला, म्हणे."

करीमभाईंनी खिडकीतून रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डरा होगा बेटा," ते म्हणाले. "इतनी ऊंचाई थी." इतक्या वर्षांत ते मला बाबू म्हणत आले होते. मी रीळ उतरवून घेतलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिलो.